तुटलेल्या जबड्याचं कॉम्प्युटरवर प्लॅनिंग: सीटीपासून ओटीपर्यंत सगळं नीट समजून घ्या

चेहऱ्याला जबर मार लागलाय, जबड्याचे चार-पाच तुकडे झालेत, दातावर दात बसत नाहीयेत आणि राऊंडला कुणीतरी म्हणतं, थ्रीडी प्लॅनिंग करून घेऊ. म्हणजे सीटीवरून जबड्याचे तुकडे ऑपरेशनआधी स्क्रीनवर जुळवून बघायचे. म्हणायला सोपं आहे, पण नेमकं काय करायचं, कुठल्या क्रमाने, आणि कुठे हमखास फसायला होतं तेच इथे लिहितोय. मॅक्सिलोफेशियलला (जबडा-चेहऱ्याच्या सर्जरीला) नवीन आलेले रेसिडेंट आणि प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर चालवणारे इंजिनिअर यांच्यासाठी मुख्यतः, पण पेशंटच्या घरच्यांनी वाचलं तरी डॉक्टर तासन् तास स्क्रीनसमोर काय करतायत ते कळेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सीटीतला एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि माणसाला दोन दातांमध्ये आलेली २०-५० मायक्रॉनची म्हणजे केसाहूनही बारीक वस्तू जाणवते. त्यामुळे स्क्रीनवर झकास जुळलेला जबडा पेशंटला पहिल्याच घासाला परका वाटू शकतो. म्हणून दात काय सांगतात ते आधी, स्क्रीन काय दाखवते ते नंतर. हा क्रम उलटा झाला की प्लॅन कितीही देखणा असला तरी काम बिघडतं.

आधी ठरवा, याची गरज आहे का

एका जागी सरळ तुटलेला जबडा, दात सगळे शाबूत, तुकडे फार सरकलेले नाहीत, अशा केसला प्लॅनिंग-बिनिंग काही लागत नाही. दात तारेने बांधा, चावा (वरचे-खालचे दात मिटल्यावर एकमेकांवर बसतात ते) जुळवा, प्लेट मारा, झालं. तिथे थ्रीडी करणं म्हणजे उगाच पैसा आणि वेळ घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. खरा फायदा होतो तो हाडाचा चुरा झालाय तिथे, गोळी किंवा स्फोटाने हाडाचा तुकडाच गायब झालाय तिथे, दात नसलेला झिजून पेन्सिलीएवढा बारीक झालेला म्हातारा जबडा तुटलाय तिथे, हनुवटी आणि दोन्ही बाजूचे कानाजवळचे सांधे एकदम गेलेत तिथे, किंवा वरचा-खालचा दोन्ही जबडे फुटल्यामुळे कशाला धरून काय जुळवायचं तेच कळत नाही तिथे. आणि जुनी केस, म्हणजे महिन्यांपूर्वी वाकडं जुळून गेलेलं हाड परत कापून सरळ करायचंय, तिथे तर प्लॅनिंगशिवाय हात घालूच नये.

हे सगळं पेशंट स्थिर झाल्यावरचं काम आहे हेही सांगायला हवं. श्वासाचा मार्ग, मानेचा मणका, रक्तस्राव, डोक्याची दुखापत हे आधी. हनुवटी दोन्हीकडून तुटली असेल तर जिभेला पुढे धरून ठेवणारा आधारच जातो आणि जीभ मागे पडून श्वास अडकू शकतो, तिथे सॉफ्टवेअर उघडून बसायची वेळ नसते.

मग वेळेचं गणित. ताजं फ्रॅक्चर शक्यतो पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत बसवलेलं बरं, त्यानंतर तुकड्यांच्या मध्ये नवीन हाड धरायला लागतं आणि ते जागेवरून हलत नाहीत. बाहेरच्या कंपनीकडून पेशंटच्या मापाची टायटॅनियम प्लेट मागवली तर डिझाईनच्या चर्चा, मंजुरी, छपाई, कुरिअर यात आठवडा किंवा जास्तही जातो. हॉस्पिटलमध्येच प्रिंटर असेल तर जबड्याचं मॉडेल एका रात्रीत निघतं. त्यामुळे हातात किती दिवस आहेत हे पहिल्याच दिवशी मोजा आणि त्यात बसेल तेवढंच प्लॅनिंग करा, नाहीतर प्लेट हातात येईपर्यंत फ्रॅक्चर जुनं झालेलं असतं.

सीटी कसा मागायचा

नुसतं "सीटी फेस" लिहून पाठवलं तर जे येईल ते येईल. स्पष्ट लिहा: कपाळापासून हनुवटीच्या खालपर्यंत पूर्ण चेहरा, स्लाईस १ मिमी किंवा त्याहून पातळ, ०.६२५ मिळाला तर उत्तम, गॅन्ट्री (मशीनचं गोल कडं) तिरकी नको, मधे गॅप नको, आणि मूळ अ‍ॅक्सियल डिकॉम सिरीज, म्हणजे मशीनमधून निघालेल्या आडव्या कापांच्या मूळ फाईल, पूर्ण हवी. फिल्मचे फोटो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चित्रं घेऊन प्लॅनिंग होत नाही, तरी ती लोक पाठवतातच! हाडासाठीचा शार्प फिल्टर आणि मऊ फिल्टर अशा दोन्ही सिरीज मागून घ्या, डोळ्यांनी फ्रॅक्चरची रेघ शोधायला शार्प चांगला, पण मॉडेल बनवायला मऊ सिरीज बरी पडते कारण तिच्यात खरखर कमी असते.

स्कॅनच्या वेळी वरचे-खालचे दात किंचित सुटे हवेत, मधे मेणाची पट्टी किंवा गॉजची घडी पुरते. दात घट्ट मिटलेले असतील तर स्क्रीनवर वरची आणि खालची दंतपंक्ती एकमेकींना चिकटलेली येते आणि ती हाताने सोडवत बसण्यात अख्खी संध्याकाळ जाते. कोन बीम सीटी (दातांसाठी वापरतात तो छोटा सीटी) असेल तर रेडिएशन साधारणपणे कमी पडतं हे खरं, पण त्यातले राखाडी आकडे नेहमीच्या सीटीच्या हाउन्सफिल्ड युनिटसारखे (घनता मोजायच्या आकड्यांसारखे) भरवशाचे नसतात, त्यामुळे इकडचा थ्रेशोल्ड, म्हणजे कितीच्या वरचं हाड धरायचं तो आकडा, तिकडे चालत नाही. शिवाय त्यातल्या बऱ्याच मशीनवर पेशंटला बसून डोकं स्थिर धरावं लागतं, जे ताज्या अपघाताच्या पेशंटला जमेलच असं नाही.

पायाचं हाड घेऊन जबडा बांधायची शक्यता दिसत असेल तर पायांची सीटी अँजिओग्राफीही (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) सांगून ठेवा. आणि स्कॅननंतर कुणी दात काढला, जखम साफ करताना हाडाचे तुकडे काढले, किंवा तारेने दात बांधले, तर तो स्कॅन शिळा झाला. प्लॅन सुरू करण्याआधी वॉर्डात फोन करून विचारायचं, मधे काही केलंय का.

दातांचा वेगळा स्कॅन, हा टाळू नका

सीटीत दात नीट दिसत नाहीत. चांदी, कॅप, धातूचं काहीही असेल तर चारी बाजूंनी पांढऱ्या रेघा उठतात आणि दातांचे शेंडे गायब होतात. त्यामुळे दातांचा वेगळा स्कॅन हवा, तोंडात फिरवायच्या स्कॅनरने किंवा माप घेऊन प्लास्टर मॉडेल बनवून त्याचा. तोंड उघडत नसेल, खूप दुखत असेल तर भूल दिल्यावर माप घ्या, पण घ्या. मग त्या स्कॅनची एसटीएल (पृष्ठभागाचा थ्रीडी आकार साठवणारी) फाईल सीटीतल्या दातांवर आणून जुळवायची. आधी तीन-चार ठळक खुणा पकडून ढोबळ, मग सॉफ्टवेअरला पृष्ठभागावर पृष्ठभाग बसवायला सांगायचं, आणि शेवटी सीटीच्या मूळ स्लाईसवर स्कॅनची रेघ दाताच्या कडेवरून जाते का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आकडा छोटा आला म्हणून खूश होऊ नका, रेघ बघा.

मला अजूनही आवडणारी जुनी पद्धत म्हणजे प्लास्टरचं मॉडेल फ्रॅक्चरच्या रेघेवर करवतीने कापायचं आणि तुकडे हातात धरून वरच्या मॉडेलवर बसवून बघायचे. माणसाच्या दातांवर वर्षानुवर्षं घासून झिजलेले सपाट चकचकीत भाग असतात, वरच्या दातावरचा भाग खालच्या दातावरच्या भागाशी जोडीने झिजलेला असतो. दोन्ही एकमेकांवर आले की मॉडेल डुगडुगायचं थांबतं, अक्षरशः टक् करून बसतं, आणि तोच पेशंटचा खरा चावा. ती स्थिती तशीच चिकटवून स्कॅन करून टाका. स्क्रीनवर माऊसने तासभर ढकलाढकली करून जे मिळत नाही ते इथे पाच मिनिटांत मिळतं.

घरच्यांना विचारा: आधीचे हसतानाचे फोटो, डेंटिस्टकडचा जुना एक्स-रे, कधी दातांना तारा लावल्या असतील तर तेव्हाची मॉडेलं. कारण सगळ्यांचाच चावा पुस्तकातल्यासारखा नसतो. एखाद्याचे पुढचे दात आधीपासून उघडेच असतील आणि तुम्ही ते 'नीट' जुळवायला गेलात तर तुकडे चुकीच्या जागी जाणारच.

सेगमेंटेशन, म्हणजे हाड वेगळं काढणं

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. मिमिक्स आणि प्रोप्लान हे पैसे देऊन घ्यायचे, थ्रीडी स्लायसर फुकट आणि ओपन सोर्स, पण तो संशोधनासाठी दिलेला आहे, पेशंटवर वापरलात तर तपासून घ्यायची जबाबदारी पूर्ण तुमची. पायऱ्या सगळीकडे त्याच.

आधी थ्रेशोल्ड. हाडासाठी साधारण २२६ युनिटच्या आसपास सुरुवात करतात, मग पेशंटप्रमाणे वरखाली. पातळ हाड, लहान वय किंवा ठिसूळ जबडा असेल तर खाली आणावा लागतो, नाहीतर कॉन्डाईलच्या, म्हणजे कानाजवळच्या सांध्यात बसणाऱ्या जबड्याच्या टोकाच्या, डोक्यात खोटी भोकं पडतात आणि नवीन माणूस त्यांनाच फ्रॅक्चर समजतो. फार खाली आणला तर सुजलेलं मांसही हाडात येतं. मग कॉन्डाईल आणि कवटीच्या खोबणीमधली फट हाताने, स्लाईसगणिक पुसून मोकळी करायची, कारण खालचा जबडा कवटीपासून सुटल्याशिवाय तो हलवताच येत नाही. धातूच्या पांढऱ्या रेघा पण अशाच पुसायच्या.

नंतर प्रत्येक तुकडा वेगळा, प्रत्येकाला वेगळा रंग आणि नाव. "पार्ट १, पार्ट २" अशी नावं ठेवू नका, दोन दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही, "उजवा बॉडी", "डावा कॉन्डाईल" असं लिहा. स्मूदिंगचा मोह आवरा. गुळगुळीत मॉडेल दिसायला छान, पण स्मूदिंगने हाड स्क्रीनवर किंचित आकसतं, कडा बोथट होतात, आणि त्यावर बनवलेलं गाईड (हाड कुठे कापायचं, भोक कुठे पाडायचं ते दाखवणारा साचा) ओटीत खऱ्या हाडावर बसत नाही. शेवटी मॉडेलची बाहेरची रेघ मूळ स्लाईसवर टाकून सगळीकडे तपासा. खालच्या जबड्यातल्या नसेचा मार्ग आणि दातांची मुळं वेगळ्या रंगात काढून ठेवा, स्क्रू ठरवताना लागतात.

तुकडे जुळवणं

इथे खरी मजा आहे आणि खरा धोकाही. वरचा जबडा शाबूत असेल तर तो पाया. ज्या तुकड्यावर सगळ्यात जास्त दात आहेत तो आधी वरच्या दातांवर बसवा, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. बिनदाताचे तुकडे शेवटी, त्यांना हाडाच्या कडा आणि दुसरी बाजू यांचाच आधार. सगळं झालं की दोन्ही कॉन्डाईल आपापल्या खोबणीत आहेत ना बघा. दात जुळले पण कॉन्डाईल बाहेर, म्हणजे मधे कुठेतरी वळण चुकलंय.

हनुवटी अधिक दोन्ही कॉन्डाईल या फ्रॅक्चरवर जरा थांबून बोलू कारण यात चेहरे कायमचे रुंद झालेले बघायला मिळतात. सांध्यांचा आधार गेल्यामुळे जबडा हनुवटीपाशी पुस्तक उघडावं तसा फाकतो, मागचे दोन्ही कोन बाहेर जातात. ओटीत समोरून बघितलं की हनुवटीची रेघ छान मिटलेली दिसते, प्लेट मारली जाते, पण जिभेच्या बाजूला फट तशीच उघडी राहते, आणि समोरची प्लेट जितकी आवळाल तितकी मागची फट वाढते. स्क्रीनवर हे पकडणं सोपं आहे: मॉडेल उलटं करून खालून आणि मागून बघा, जिभेकडची कड मिटलीय का, दोन्ही कोनांमधलं अंतर वरच्या चेहऱ्याच्या रुंदीला शोभतंय का. प्लॅनमध्ये ती फट बंद करा, मॉडेल छापा, आणि प्लेट त्यावर वाकवताना किंचित जास्त वाकवा, म्हणजे स्क्रू आवळताना मागची कड दाबली जाईल. ओटीत एकाने दोन्ही कोन बाहेरून तळहातांनी आत दाबून धरायचे, हे काम कॉम्प्युटर करत नाही.

एक बाजू चुरा झालीय आणि दुसरी शाबूत असेल तर शाबूत बाजू आरशासारखी उलटवून तुटलेल्या बाजूवर आणतात. उपयोगी आहेच, पण कुणाचाही चेहरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो, म्हणून उलटवलेली बाजू कवटीच्या मधल्या रेषेवर आंधळेपणाने ठेवून देऊ नका, उरलेल्या खऱ्या हाडावर बसवून बघा. आणि तुकडे एकमेकांत घुसवू नका. स्क्रीनवर हाड हाडात आरपार जातं, ओटीत जात नाही. बारीक चुरा कुठेतरी हरवलेला असतो म्हणून थोडी फट राहिली तर राहू द्या.

मॉडेल, मापाची प्लेट की पायाचं हाड

बहुतेक ताज्या केसेसना जुळवलेल्या जबड्याचं मॉडेल छापून त्यावर आधीच वाकवलेली प्लेट एवढंच पुरतं. हाडाचा चुरा असेल किंवा तुकडा गायब असेल तर जबड्याचा सगळा भार प्लेटलाच घ्यावा लागतो, म्हणून २.४ मिमी किंवा त्या ताकदीची लॉकिंग रिकन्स्ट्रक्शन प्लेट (स्क्रू जिच्यातच घट्ट अडकतात अशी जाड प्लेट) आणि चांगल्या हाडात प्रत्येक बाजूला किमान तीन स्क्रू, जमलं तर चार. मॉडेलवर वाकवताना एकाच जागी पुढे-मागे वाकवू नका, टायटॅनियम तिथेच थकतं आणि काही महिन्यांनी तुटतं. पेशंटच्या मापाची लेझरने बनवलेली प्लेट वाकवावीच लागत नाही हा तिचा मोठा फायदा, पण ती ओटीत बदलता येत नाही. प्लॅन चुकला असेल तर ती तुमची चूक अचूकपणे हाडावर उतरवते.

हाडच नाही तिथे काय? गॅप ५-६ सेमीच्या आत आणि आजूबाजूचं मांस निरोगी असेल तर कमरेचं हाड नुसतं आणून ठेवता येतं. त्याहून मोठा असेल तर रक्तवाहिन्यांसकट पायाचं फिब्युला, म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. रक्तवाहिनीसकट फिब्युला हलवण्याचं तंत्र टेलर यांनी १९७५ मध्ये मांडलं आणि हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये ते खालच्या जबड्यासाठी वापरून दाखवलं. गोळीच्या वगैरे जखमेत हे पहिल्या दिवसांत शक्यतो करू नका, मेलेलं मांस कुठवर आहे तेच कळलेलं नसतं. आधी प्लेटने किंवा बाहेरच्या फ्रेमने उरलेल्या तुकड्यांमधली जागा धरून ठेवा, जखम शांत झाली की नवा सीटी आणि मग प्लॅन.

प्लॅनमध्ये सरळ फिब्युला कापून जबड्याच्या वळणात बसवायची असते. घोट्याकडचं ६-८ सेमी सोडायचं, नाहीतर घोटा डळमळतो. गुडघ्याकडचंही तेवढंच, तिथून पायाची नस जाते. प्रत्येक तुकडा किमान २ ते २.५ सेमी ठेवा, त्याहून लहान केला तर त्याला रक्त पुरत नाही. वळण सुंदर यावं म्हणून चार-चार तुकडे करायची हौस होते, पण बऱ्याचदा दोन-तीनात भागतं. अँजिओत पायाला तिन्ही रक्तवाहिन्या आहेत का आधी बघा, काहींच्या पावलाचा मुख्य पुरवठा पेरोनियल, म्हणजे फिब्युलासोबत निघणाऱ्या धमनीवरच असतो, तिथे ती काढलीत तर पाऊलच धोक्यात. आणि पुढे दात कुठे बसवायचे ते आधी ठरवा, मग त्याखाली हाड ठेवा. हाड जबड्याच्या खालच्या कडेशी लावून मोकळं झालं की चेहरा छान दिसतो पण इम्प्लांटचा दात लांबलचक होतो किंवा बसतच नाही.

कटिंग गाईड बनवताना एकच कानमंत्र: स्क्रीनवर फक्त हाड असतं, ओटीत त्यावर स्नायू आणि आवरण असतं. जिथवर मांस सोडवणार तिथवरच गाईडचा पाय पसरवा. गाईडमधून पाडलेली भोकंच पुढे प्लेटच्या स्क्रूला वापरता येतील असं डिझाईन केलं की प्लेट आपोआप प्लॅनच्या जागी येते.

छपाई आणि निर्जंतुकीकरण

पीएलएचं (साध्या प्रिंटरच्या प्लास्टिकचं) मॉडेल टेबलावर प्लेट वाकवायला ठीक, पण ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमधून) वेडंवाकडं बाहेर येतं. पेशंटला टेकणारं काहीही सर्जिकल वापराला मान्य असलेल्या रेझिनचंच हवं, नीट धुऊन आणि पूर्ण क्युअर करून (प्रकाशाखाली पक्कं करून), आणि रेझिन बनवणाऱ्याने सांगितलेल्याच सायकलवर निर्जंतुक केलेलं. छापून झालं की दोन-तीन अंतरं कॅलिपरने मोजून फाईलशी ताडून बघा. एसटीएल फाईलमध्ये मापाचं एकक लिहिलेलं नसतं, त्यामुळे मिलिमीटरचा इंच होण्याचे प्रकार घडतात. बाहेर फाईल पाठवणार असाल तर डिकॉममधलं पेशंटचं नाव काढून पाठवा.

ओटीत

एक कागद भिंतीवर लावा: तुकड्यांची चित्रं, कुठल्या भोकात किती लांबीचा स्क्रू. आधी दात प्लॅनच्या चाव्यात बांधा, मग तुकडे, मग प्लेट. गाईड बसत नसेल तर जोर लावू नका. खाली मांसाचा पदर राहिलाय का, हाडाचा कण अडकलाय का बघा, तरीही डुगडुगत असेल तर सरळ बाजूला ठेवा आणि दातांवर विसंबून नेहमीच्या पद्धतीने करा. प्लॅन बाजूला ठेवायला लाज कसली.

नेव्हिगेशन, म्हणजे कॅमेऱ्याने हत्याराची टोकं स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा, वरच्या चेहऱ्याला छान चालते. खालचा जबडा कवटीपासून सुटा हलत असल्यामुळे तिथे तो दातांनी वर बांधून ठेवावा लागतो किंवा जबड्यालाच वेगळा ट्रॅकर लावावा लागतो, आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक गृहीत धरावा लागतो.

प्लेट झाली की सगळ्यात महत्त्वाची मिनिटं. तारा सोडा, हनुवटी हलक्या हाताने धरून जबडा उघडा-मिटा, कॉन्डाईल खोबणीत बसलेले असताना दात कुणाच्याही जोराशिवाय जुळतात का बघा. नसतील तर स्क्रू काढून परत करा, आत्ताच. रबरबँड लावून नंतर ओढून घेऊ हा विचार घट्ट प्लेट लावलेल्या हाडावर चालत नाही. ओटीत कोन बीम असेल तर टाके घालण्याआधी एक फेरी मारून घ्या, जिभेकडची कड आणि कॉन्डाईल दोन्ही दिसतात.

नंतरचं

ऑपरेशननंतरचा सीटी प्लॅनवर टाकून रंगीत नकाशा काढता येतो, कुठे किती मिलिमीटर सरकलं ते दिसतं. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असेल आणि चावा बरोबर असेल तर काळजी नको. नकाशा हिरवागार, म्हणजे सगळं प्लॅनप्रमाणे, आणि पेशंट म्हणतोय दात बसत नाहीत, तर पेशंटचं ऐका. घरच्यांसाठी: साधारण ४ ते ६ आठवडे मऊ खाणं, डॉक्टर सांगतील तेव्हा तोंड उघडायचा व्यायाम रोज, विशेषतः सांधा तुटला असेल तर. व्यायाम टाळला की तोंड आखडतं, ते नंतर सोडवणं फार त्रासाचं. ओठ-हनुवटी बधिर राहणं मार लागल्यामुळेही असतं, बऱ्याच जणांची ही बधिरता काही महिन्यांत कमी होते, काहींची पूर्ण जात नाही. ताप, वाढती सूज, पू, किंवा अचानक चावा बदलला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

फाईल जपायच्या त्या अशा: मूळ डिकॉम, दातांचा स्कॅन, जुळवलेल्या जबड्याची एसटीएल, आणि प्लेट-स्क्रूची कंपनी, साईज, लॉट नंबर. पेशंटनेही याची एक प्रत स्वतःकडे मागून घ्यावी, कारण काही वर्षांनी इम्प्लांट लावायचा असो की सैल झालेला स्क्रू काढायचा असो, समोर वेगळाच डॉक्टर असतो आणि कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्याला कंपनी-साईजच्या त्या नोंदीवरूनच शोधता येतं.